मामाही अंकल, काकाही अंकल!

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागच्या अंकात आपण इंग्रजीतून रस्ता विचारायला शिकलो. आज रस्त्यावरून थेट घरात शिरूया. घरात कोण कोण असतं? आई, बाबा, आजी, आजोबा, काका, काकू, एखादी खाष्ट आत्या (सगळ्या तशा नसतात हं!) आणि गणपतीला मुंबईहून येणारा मोठा गोतावळा. या मंडळींबद्दल मराठीत आपण तासभर बोलू. पण इंग्रजीत बोला म्हटलं की भल्याभल्यांची दातखीळ बसते.

आणि बोलावं तर लागतंच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ‘माय फॅमिली’ तुमच्या पाठीला पहिल्या वर्षापासूनच लागलेली! दहावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत, त्यात तोंडी आलीच. (२०१९च्या दहावीला हे गुण काढून टाकले होते, पण पुढच्याच वर्षी परत आले.) पुढे कुणाला शिकायला किंवा नर्सच्या नोकरीला परदेशी जायचं असेल, तर बऱ्याचदा आयईएलटीएस ही परीक्षा द्यावी लागते. तिच्या तोंडीत हातात एक कार्ड ठेवतात. त्यावर अनेकदा लिहिलेलं असतं, तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाचं वर्णन करा. विचाराला एक मिनिट, बोलायला दोन मिनिटांपर्यंत वेळ.

दोन मिनिटं! आपली गाडी वीस सेकंदांत फलाटाला लागते. “माय मदर इज व्हेरी काइंड. शी इज व्हेरी लव्हिंग. शी कुक्स टेस्टी फूड. आय लव्ह माय मदर व्हेरी मच.” झालं! गाइडमधलं पाठ केलेलं उत्तर. एका दुपारी पस्तीस मुलांची तोंडी घेणाऱ्या बाईंना पस्तीस वेळा एकच आई भेटते. मग तुमची आई गेली कुठे?

सुरुवात नात्यांपासून करू. आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ आणि तशाच चार बहिणी. आठ शब्द झाले. इंग्रजीत या आठांना मिळून एकच शब्द, ‘कझिन’. काकू, मामी, मावशी, आत्या या चौघी एकाच ‘आंट’मध्ये. नणंद, जाऊ, मेव्हणी, वहिनी या सगळ्या ‘सिस्टर-इन-लॉ’. इंग्रज लोकांना नात्यांची किंमत नाही, असं म्हणून मोकळे होऊ नका. गंमत पुढे आहे.

‘अंकल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ होता फक्त मामा! ‘आंट’चा मूळ अर्थ आत्या आणि ‘कझिन’चा मूळ अर्थ मावसभाऊ. रोमन लोकांकडे काकाला वेगळा शब्द होता आणि मावशीलाही वेगळा. खुद्द जुन्या इंग्रजीतसुद्धा मामा वेगळा, काका वेगळा, मावशी वेगळी, आत्या वेगळी. पण १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे हळूहळू फ्रेंचमधून आलेले शब्द रुळले, जुने मागे पडले आणि मामाच्या खुर्चीवर काकाही येऊन बसला. अजून एक नवल सांगते. भाच्याला आणि पुतण्याला इंग्रजीत ‘नेफ्यू’ म्हणतात ना? तो शब्द आणि आपला ‘नातू’ दोन्ही एकाच कुळातले. संस्कृतात ‘नप्तृ’, लॅटिनमध्ये ‘नेपोस’, दोन्हींचा अर्थ नातू. हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली ही भावंडं आज तोंडी परीक्षेत समोरासमोर येतात!

मग मामाला मामा म्हणायचं कसं? अगदी सोपं आहे. नातं उलगडून सांगायचं. “ही इज माय मदर्स यंगर ब्रदर. आय कॉल हिम मामा.” हे उत्तम इंग्रजी आहे, त्यात कमीपणा काही नाही. घरात तुम्ही मालवणीत ‘आवस’, ‘बापूस’, ‘आजो’ म्हणत असाल तर तेही असंच सांगता येतं. मात्र ‘कझिन ब्रदर’ म्हणू नका. ‘कझिन’ पुरे. भाऊ की बहीण, हे पुढच्या ‘ही’ किंवा ‘शी’वरून कळतं. आणि सख्ख्या भावाला ‘रिअल ब्रदर’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, खोटा भाऊही आहे की काय घरात! साडूला ‘को-ब्रदर’ आणि जावेला ‘को-सिस्टर’ हे आपल्या देशात चालतात. मला ते चुकीचे वाटत नाहीत, गरजेपोटी माणसांनी घडवलेले आहेत. पण बाहेरच्या माणसाला कळणार नाहीत, तिथे उलगडूनच सांगा.

दुसरा खड्डा आदराचा. आपण म्हणतो, “आजोबा आले, ते बसले.” हे आदरार्थी बहुवचन डोक्यात घट्ट असतं, म्हणून मुलं म्हणतात, “माय ग्रँडफादर आर ओल्ड. दे आर फार्मर.” परीक्षकांना प्रश्न पडतो, आजोबा आहेत तरी किती? इंग्रजीत आजोबाही ‘ही’ आणि शेजारचा बंड्याही ‘ही’. आदर दाखवायचाच तर वेगळं वाक्य आहे, “आय लुक अप टू हिम.” म्हणजे मी त्यांना मानतो. याचा अर्थ वर बघतो असा लावू नका बरं का!

आता तीन प्रश्न सांगते, ते वहीत लिहूनच ठेवा. “व्हॉट डज ही लुक लाइक?” म्हणजे तो दिसायला कसा आहे. “व्हॉट इज ही लाइक?” म्हणजे स्वभावाने कसा आहे. “व्हॉट डज ही लाइक?” म्हणजे त्याला काय आवडतं. तिन्हींत ‘लाइक’ ऐकू आला की आपली मुलं ठोकून देतात, “ही लाइक्स फिश.” मालवणात हे उत्तर बहुतेक वेळा खरंच असतं, पण प्रश्न तो नव्हता! आणि “हाउ इज युवर फादर?” असं विचारलं तर ती फक्त तब्येतीची चौकशी. तिथे “ही इज फाइन” म्हणून थांबायचं.

दिसण्याबद्दल बोलताना एक सांगावंसं वाटतं. रंगाशिवाय आपलं पान हलत नाही. “शी इज फेअर”, “ही इज ब्लॅक”, नाहीतर ‘व्हीटिश’. हा गव्हाळ शब्द आपल्या लग्नाच्या जाहिरातींतला, साहेबाला तो कळायचा नाही. माझं मत विचाराल तर रंग सांगूच नये. हसताना डोळे बारीक होतात, चालताना उजवा हात जोरात हलतो, आवाज तीन घरं पलीकडे जातो, असं सांगा की. माणूस लगेच ओळखू येतो. तसंच जाड माणसाला आपण ‘हेल्दी’ म्हणतो. इंग्रजीत हेल्दी म्हणजे निरोगी, मग तो काडीपैलवान का असेना. ‘स्मार्ट’ म्हणजे हुशार किंवा नीटनेटका, देखणा नव्हे. ‘सिन्सिअर’ म्हणजे मनापासून वागणारा. अभ्यासूला ‘हार्डवर्किंग’ म्हणा.

स्वभावाचे शब्द जोडीने शिकले की लक्षात राहतात. एकच माणूस आवडता असला की एक शब्द, नावडता असला की दुसरा! काटकसरी म्हणजे ‘थ्रिफ्टी’ आणि चिक्कू म्हणजे ‘स्टिंजी’. जिद्दी म्हणजे ‘डिटर्मिन्ड’ आणि हट्टी म्हणजे ‘स्टबर्न’. अबोलाला ‘रिझर्व्ह्ड’ म्हणतात, बुजऱ्याला ‘शाय’. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणाऱ्याला ‘नोझी’ म्हणतात, म्हणजे नाक तिथेही आलंच. आणि आपण ज्याला वल्ली म्हणतो त्याला इंग्रजीतही मस्त शब्द आहे, “ही इज क्वाइट अ कॅरेक्टर!” पु. ल. देशपांडे यांना ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकासाठी १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला रत्नागिरीचा अंतू बर्वा तुम्ही वाचला असेल, नसेल तर पालकांकडून मागून घ्या. अंतूशेठ आपल्याला त्यांच्या बोलण्यातून कळतात, विशेषणांच्या यादीतून नव्हे. तोंडीतही तसंच. ‘काइंड’ म्हणालात की लगेच काय केलं म्हणून काइंड, ते एका वाक्यात सांगा. “माय ग्रँडमदर इज काइंड. शी नेव्हर लेट्स द पोस्टमन गो विदाउट अ कप ऑफ टी.” गुण इथे मिळतात.

आता जरा गंभीर गोष्ट. जानेवारी-फेब्रुवारीत माझे जुने विद्यार्थी, आता दहावीत गेलेले, संध्याकाळी सरावाला येतात. एकाला मी विचारलं, “व्हॉट डज युवर फादर डू?” तो खाली बघत म्हणाला, “नथिंग.” त्याच्या वडिलांना मी कितीदा पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलंय. मी काही बोलले नाही, नुसती बघत राहिले. मग हळूच म्हणाला, “बाई, रापणीक इंग्लिशमदी काय म्हणतत?”

बघा! मुलाला बापाची लाज वाटत नव्हती. त्याच्याकडे शब्द नव्हता. त्याच्या गाइडमध्ये डॉक्टर होता, इंजिनिअर होता, पायलटसुद्धा होता. मालवणच्या किनाऱ्यावरचा बाप त्यात नव्हता. जो गाइडमध्ये नाही तो ‘नथिंग’.

तर रापणीला इंग्रजीत ‘शोअर सेन’ म्हणतात. शोअर म्हणजे किनारा, सेन म्हणजे लांबलचक ओढजाळं. स्पेलिंग एस, ई, आय, एन, ई, उच्चार मात्र ‘सेन’. पण एवढा शब्द नाही आठवला तरी अडत नाही. आम्ही दोघांनी बसून वाक्यं जुळवली. “माय फादर इज अ फिशरमन. ही फिशेस विथ अ व्हेरी लाँग नेट. अ बोट टेक्स इट आउट टू सी, अँड मेनी पीपल पुल इट टू द बीच टुगेदर. देन दे शेअर द कॅच. इन द मान्सून द सी इज रफ, सो ही मेंड्स द नेट्स.” पोराने ती म्हटली तेव्हा घड्याळ लावायचं मी विसरूनच गेले. ‘मेंड’ म्हणजे दुरुस्त करणं, ‘कॅच’ म्हणजे हाती लागलेली मासळी. शब्द सगळे सातवी-आठवीचे.

आईचंही तेच. सकाळी बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी आई मुलांच्या तोंडून ‘हाउसवाइफ’ होते. “शी सेल्स फिश इन द मार्केट” म्हणा. ‘फिशवाइफ’ असा एक जुना शब्द शब्दकोशात सापडेल, तो मात्र वापरू नका. मूळ अर्थ मासे विकणारी बाई असाच आहे, पण आता तो भांडखोर, तोंडाळ बाईसाठी शिवीसारखा वापरतात. काथ्या वळणारी आई “मेक्स रोप फ्रॉम कोकोनट फायबर”. कुणाचे बाबा दशावतारात काम करत असतील तर नशीबवान आहात. “ही अ‍ॅक्ट्स इन दशावतार. इट इज अवर फोक थिएटर. द प्ले गोज ऑन ऑल नाइट. ही पेंट्स हिज ओन फेस अँड मेक्स अप हिज लाइन्स ऑन द स्टेज.” एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न परीक्षक आपणहून विचारतील, आणि त्याचं उत्तर तुम्हाला पाठ करायला लागणार नाही.

पालकहो, या ठिकाणी तुमचीही थोडी मदत हवी. मुलाने विचारलं की “तुला काय करायचंय?” म्हणू नका. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते त्याला मराठीत, मालवणीत, कसंही सांगा. इंग्रजी आम्ही बघू.

काहींच्या घरात एखादं माणूस आता नसतं. त्याबद्दल बोलताना आपल्याकडे ‘एक्स्पायर्ड’ म्हणतात. औषधाची बाटली एक्स्पायर होते, माणूस नाही. “माय फादर पास्ड अवे” किंवा सरळ “डाइड” म्हणा, दोन्ही बरोबर आहेत. आणि बोलवत नसेल तर बोलू नका. “कॅन आय टॉक अबाउट माय ग्रँडमदर?” असं विचारायला हरकत नाही. आईवडील मुंबईला आणि तुम्ही आजीजवळ, असं असेल तर हे वाक्य तुमचंच आहे, “माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप.” तिने मला वाढवलं.

मैत्रीसाठी दोन वाक्प्रचार देते. कट्टी म्हणजे ‘फॉल आउट’, बट्टी म्हणजे ‘मेक अप’. “वी फॉल आउट एव्हरी मंडे अँड मेक अप बाय ट्यूझडे.” हो, तोच मेकअप! दशावतारी बाबा चेहऱ्याला करतात तोही मेकअप, रंगमंचावर आयत्या वेळी संवाद रचतात तेही मेक अप, आणि तुमची बट्टी झाली तीही मेक अप. एखाद्याशी चांगलं पटतं म्हणजे “आय गेट ऑन वेल विथ हिम”. आणि तू अगदी आईच्या वळणावर गेलीस, असं म्हणायचं असेल तर “यू टेक आफ्टर युवर मदर”.

आता या आठवड्याचा अभ्यास. ‘चाकरमानी’ या शब्दाला इंग्रजीत एक शब्द नाही. मुंबईला नोकरी, गावाला घर, गणपतीला खच्चून भरलेली गाडी आणि परत जाताना पिशवीत सोलं नि कुळथाचं पीठ, हे सगळं त्यात आलं पाहिजे. जास्तीत जास्त चार वाक्यं. तुमच्या घरचा चाकरमानी डोळ्यांसमोर आणा आणि पोस्टकार्डावर लिहून पाठवा. नाव, इयत्ता आणि शाळेचा पत्ता विसरू नका!