रंग पक्का, पण कोणाच्या खर्चाने?
१८५६ साली विल्यम पर्किन याने ॲनिलिनपासून जांभळा रंग सिद्ध केला, आणि रंग ही कारखान्याची वस्तू झाली. तथापि प्रत्येक रंग प्रत्येक धाग्यावर चढत नाही. लोकर व रेशीम आम्लरंग धरतात, पॉलिएस्टर डिस्पर्स रंग. सुतासाठी १९५६ पासून रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. ते धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून धुण्यात उतरत नाहीत. मात्र त्यांतील काही अंश पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो आणि रंगाईच्या मिठासह सांडपाण्यात जातो. इचलकरंजीच्या पंचगंगेने हा भार वर्षानुवर्षे सोसला आहे. पक्क्या रंगाचा लाभ गिऱ्हाइकाला आणि भुर्दंड नदीकाठाला, हा न्याय नव्हे. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कापडाच्या किमतीतच धरला गेला पाहिजे.