उडणारा माणूस आणि आमची गच्ची

परवा दुपारी साडेतीनचा सुमार असेल. शाळेतून येऊन मी नुकतंच चहाचं आधण ठेवलं होतं, सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांची हाक आली, "अगं, वर बघ गं आधी!" तशीच बाहेर धावले. पाहते तो काय, आमचे सात वर्षांचे चिरंजीव गच्चीच्या कठड्यावर उभे! गळ्यात माझी लाल ओढणी गाठ मारून बांधलेली, एक मूठ पुढे काढलेली आणि डोळे मिटलेले.

मी ओरडले नाही, एवढी बुद्धी त्या वेळी देवानेच दिली म्हणायची. ओरडले असते तर दचकून खालीच आला असता. "थांब हं, मी पण येते," असं म्हणत जिना चढले आणि मागून कमरेला धरून त्याला खाली ओढलं. मग एक धपाटा दिला, मग दोघंही रडलो. चहा उतू जाऊन गॅस विझला होता, तो सासूबाईंनी बंद केला.

रात्री त्याला जवळ घेऊन विचारलं, "अरे, पडला असतास तर?" तर म्हणतो, "पडलोच नसतो. पडायच्या आत तो येतो आणि झेलतो."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा मी तळोद्याला माहेरी होते, शाळेत जाणारी. त्या वेळीही, शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जिवावरचे खेळ केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या, आणि मुकेश खन्ना पडद्यावरून मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत. आमच्या घरी माझा भाऊ त्याच्यासारखा गरगर फिरून कपाटावर आदळला होता. कपाळावर चार टाके पडले. आई तेव्हा टीव्हीला बोल लावत होती आणि मी मनात म्हणत होते, आईला काही कळत नाही. आता आईच्या जागी मी.

मी काय केलं ते सांगते, कारण ती चूक आपल्यापैकी पुष्कळजणी करतात. आठ दिवस मी त्याच्या शेजारी बसून प्रत्येक सिनेमाची साल काढली. हा उडतोय तो तारेला लटकून. ही इमारत पुठ्ठ्याची. हे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, खोटं आहे, खोटं! पोराचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला, पण मला वाटलं औषध लागू पडतंय. शनिवारी संध्याकाळी सासूबाई त्याला मारुतीची गोष्ट सांगत होत्या. मारुतीने द्रोणागिरी उचलला, इथवर गोष्ट आली तर हा म्हणतो, "आजी, हा पण तारेला लटकवलेलाच ना?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. गोष्ट तिथेच राहिली. रात्री अर्धी भाकरी खाऊन उठल्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून मी यावर विचार करते आहे. आपण सिनेमा पाहतो तेव्हा खरं आणि खोटं यांचं नक्की काय करतो? कोलरिज नावाच्या इंग्रज कवीने १८१७ सालीच याला नाव देऊन ठेवलं आहे. वाचणारा आपला अविश्वास आपण होऊन, राजीखुशीने, तेवढ्यापुरता बाजूला ठेवतो, असं त्याचं म्हणणं. कॉलेजात बी. ए.ला हे पाठ केलं होतं, अर्थ मात्र परवा गच्चीवर कळला. यात 'आपण होऊन' हे महत्त्वाचं. बाजूला ठेवलेली वस्तू कुठे ठेवली ते मोठ्यांच्या लक्षात असतं. लहान मुलाला ते अजून शिकायचं असतं.

आपल्याकडे ही गोष्ट दादासाहेब फाळक्यांना फार चांगली ठाऊक होती. मुळात गृहस्थ जादूचे प्रयोग करणारे. आपलंच आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते खेळ करीत. सिनेमासाठी भांडवल मिळवायला त्यांनी आधी काय चित्रित केलं, तर मातीत पेरलेल्या दाण्याला अंकुर फुटून वेल कसा वाढतो ते. रोज थोडंथोडं चित्रण करून दिवसांचं काम क्षणांत दाखवलं. म्हणजे जे शंभर टक्के खरं, तेच पाहणाऱ्याला जादू वाटावं! मग १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यात तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने ते केलं. (सरस्वतीबाई फाळक्यांनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळं शिकून घेतलं होतं. सिनेमाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला दोनच ओळी येतात, म्हणून मी मुद्दाम तिसरी लिहिली.) पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही. पडद्यावर राम आला की लोक पायांतल्या वहाणा काढीत असं सांगतात. सीतेचा आणि रामाचा चेहरा एकच आहे, हे का त्यांना दिसत नव्हतं?

याहून मला आवडतो तो १९१९ चा 'कालिया मर्दन'. त्यात बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लेक मंदाकिनी, सात वर्षांची, म्हणजे आमच्या चिरंजीवांच्याच वयाची. सिनेमाच्या सुरुवातीला फाळके आधी तिलाच दाखवतात. ही साधी मुलगी, ही हसते, ही रागावते, ही घाबरते. आणि मग बघता बघता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. आधी सांगून टाकलं, की ही एक मुलगी आहे. आणि तरीही तिने कालियाच्या फण्यावर पाय ठेवला की लोकांनी हात जोडले. मी आठ दिवस जे करत होते त्याच्या नेमकं उलट. फाळक्यांनी युक्ती लपवली नाही, आणि गोष्टीवर पाणीही ओतलं नाही.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? आमच्या अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी पाहायला आता लांबून लांबून माणसं येतात. त्या होळीत बुध्या बनलेले पुरुष मोरपिसांचे उंच टोप घालतात, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधतात, अंगभर नक्षी काढतात. त्यासाठी आधी व्रताचे नियम पाळावे लागतात. शाळेतल्या एका मुलाला मी विचारलं होतं, "त्यात तुझा काका होता ना रे?" तो म्हणाला, "हो बाई. पण तेव्हा तो काका नसतो." मी पुढे काही विचारलं नाही. कोलरिजसाहेबांनी एवढं थोडक्यात कुठे सांगितलंय!

आता राहिला प्रश्न गच्चीचा. गोष्टीवर विश्वास ठेव म्हणून सांगितलं आणि पोर पुन्हा कठड्यावर चढलं तर? म्हणून आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं. त्यांनी कागदावर हिशेब मांडून दिला. आमची गच्ची अकरा फुटांवर. तिथून पडलेली वस्तू एका सेकंदाच्या आत जमिनीवर येते आणि टेकताना तिचा वेग ताशी २९ किलोमीटर असतो. म्हणजे झेलायला धावणाऱ्याला 'अरे' म्हणायचीही सवड नाही.

पुढचं सर म्हणाले ते मला नवीन होतं. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये नायिका उंच इमारतीवरून खाली पडत असते आणि तो खालून उडत येऊन तिला हातांवर झेलतो. सरांचं म्हणणं, त्याचे हात पोलादाचे. पडणाऱ्या माणसाला जमिनीने थांबवलं काय आणि पोलादाने थांबवलं काय, सारखंच! उलट तो वर येत असतो, म्हणजे फटका जास्तच. त्याने खरं तर तिच्याबरोबर खाली जात जात हळूहळू वेग कमी करायला हवा. क्रिकेटमध्ये कॅच घेताना हात मागे घेतात तसं.

रविवारी सकाळी मी चिरंजीवांना घेऊन हा प्रयोग केला. तुम्हीही करा, खर्च दोन टोमॅटोंचा. पिकलेला टोमॅटो गच्चीवरून मी सोडला, तो फरशीवर पडला. त्याचं काय झालं ते सांगायला नको. दुसऱ्या वेळी खाली ह्यांनी आणि सासूबाईंनी जुनी गोधडी चार कोपरे धरून सैलसर ताणली. टोमॅटो अख्खा राहिला. (पहिल्याची दुपारी चटणी केली. फरशी धुतलेली होती.) मुलगा कितीतरी वेळ त्या फरशीवरच्या लाल डागाकडे बघत होता. मी एक अक्षर बोलले नाही.

गंमत म्हणजे ही गोष्ट चित्रकथावाल्यांनाही सुचली होती. १९७३ साली स्पायडरमॅनच्या एका अंकात त्याची मैत्रीण ग्वेन पुलावरून पडते. तो वरून जाळं फेकून तिला धरतो, पण अचानक थांबल्याच्या हिसक्याने तिची मान मोडते आणि ती जाते. वाचणारे हादरून गेले. पन्नास वर्षं झाली तरी ती गोष्ट अजून काढली जाते. जाळं सोडणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायची सगळ्यांची तयारी होती, आणि त्या विश्वासाच्या मध्यावर हा एक खरा नियम आला, म्हणून तो एवढा लागला असं मला वाटतं.

आमच्या शेजारच्या वहिनींना मात्र असले सिनेमे मुळीच चालत नाहीत. "काहीतरीच बाई, माणूस कधी उडतो का!" असं म्हणतात आणि रात्री मालिका लावतात. त्यात सून झोपेतून उठते ती लिपस्टिकसकट. घरात बारा माणसं, पण खरकटी भांडी कधी कुणी पाहिलेली नाहीत. मेलेला नवरा दोन वर्षांनी नवीन चेहरा घेऊन परत येतो. हे सगळं वहिनींना चालतं! मी हसून म्हटलं, "वहिनी, उडणारा तरी बरा, त्याने निदान आधी सांगितलंय की मी परग्रहावरचा आहे."

माझी कसोटी एवढीच, की गोष्टीने आपला नियम सुरुवातीला सांगावा आणि शेवटपर्यंत पाळावा. १९८७ चा 'मिस्टर इंडिया' पाहा. हातातलं यंत्र लावलं की माणूस दिसेनासा होतो, पण लाल उजेडात दिसतो. सर म्हणतात, ज्याच्या आरपार उजेड जातो त्याच्या डोळ्यांतूनही जाईल, मग तो आंधळाच व्हायचा. बरोबर असेल. पण ते मला खटकलं नाही. ऐन वेळी लाल उजेडातही तो दिसला नसता, तर मात्र मी तिकिटाचे पैसे परत मागितले असते. डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचताना नियम तर खऱ्या विज्ञानाचेच असतात, म्हणून तिथे अद्भुतही घरचंच वाटतं. त्यांची पहिली कथा, 'कृष्णविवर', १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत गेली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस मिळालं.

आमच्या घरी आता असं ठरलंय. सिनेमा चालू असताना मधे बोलायचं नाही, आईनेसुद्धा. संपल्यावर जेवताना विचारायचं, त्याला काय काय जमतं आणि काय जमत नाही? युक्ती कशी केली ते बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी. सुपरमॅन झालेला क्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडला आणि मानेखाली लुळा झाला, तो शेवटपर्यंत खुर्चीतच राहिला, हेही मी त्याला सांगितलं. सांगू की नको असं झालं होतं. त्याने एवढंच विचारलं, "मग त्याला झेलायला कुणी नव्हतं?" आणि हो, गच्चीच्या दाराला कडी वर बसवून घेतली आहे, मुलाचा हात पोचणार नाही अशी. गोष्टी कितीही नीट समजावल्या तरी कडी हवीच.

काल रात्री पुन्हा तोच सिनेमा लागला होता. पडणाऱ्या नायिकेला त्याने झेललं तेव्हा चिरंजीव पुटपुटले, "हात मागे नाही घेतले." आणि लगेच आजीच्या मांडीला घट्ट बिलगून पुढे पाहू लागले. सिनेमा संपल्यावर म्हणाले, "आजी, द्रोणागिरी उचलल्यावर पुढे काय झालं ते राहिलंय." सासूबाईंनी चष्मा पुसला आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं.