अकरावीचा धडा आणि ठिबकची टाकी

गेल्या हंगामात नारायणगावच्या बाजूला एका टोमॅटोच्या प्लॉटवर गेलो होतो. निम्मे ड्रीपर बंद. शेतकरी म्हणाला, "भाऊसाहेब, नळीच बोगस निघाली." टाकीत पाहिले तर तळाला चुन्यासारखा पांढरा साका. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० एकाच टाकीत कालवलेले! अन् त्याच घराच्या ओटीवर अकरावी सायन्सची मुलगी 'आयॉनिक बाँड, कोव्हॅलंट बाँड' घोकत बसली होती. टाकीचे उत्तर तिच्या पुस्तकात होते. पण तिला टाकीजवळ कोणी बोलावलेच नव्हते.

कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळले की त्याचे धन आणि ऋण आयन सुटे होतात. तेथे फॉस्फेट आले की कॅल्शियम त्याला असे धरते की पाण्याला ते सोडवता येत नाही. तोच हा साका. पिकाला ना कॅल्शियम मिळाले ना स्फुरद. पैसे मात्र दोन्हींचे गेले.

रेणूंच्या आकाराचेही तसेच. मुले तक्ता पाठ करतात आणि पेपरला गोंधळतात. खरे तर सूत्र एकच आहे : मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना दूर रेटतात. अमोनियाचा रेणू तिपाईसारखा, वर नत्र, खाली हायड्रोजनचे तीन पाय. नत्राच्या माथ्यावर एक मोकळी जोडी असते, ती तिन्ही पायांना रेटते, म्हणून कोन १०९.५ ऐवजी सुमारे १०७ अंश. एवढे लिहिले की मार्क मिळतात. पण ओल्या मातीत याच मोकळ्या जोडीला हायड्रोजनचा आयन चिकटतो आणि अमोनियम होते. त्याच्यावर धन भार, चिकणमातीच्या कणांवर ऋण भार. माती त्याला धरून ठेवते. युरिया नुसता वरवर फेकला तर अमोनिया वायू होऊन उडून जातो. नायट्रेट हा चपटा त्रिकोण, कोन १२० अंश, पण भार ऋण. त्याला माती धरत नाही, पावसाबरोबर तो खाली जातो. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरकडच्या भातखाचरांत युरिया हप्त्याने द्या किंवा ब्रिकेट चिखलात खोचा, असे आम्ही सांगतो ते याचसाठी.

"पोरगं सायन्सला आहे, त्याला शेतात कशाला राबवू?" असे पालक म्हणतात. मला हे पटत नाही. कृषी पदवीला जायचे तरी सीईटी द्यावी लागते. जुन्नर, मंचरच्या कॉलेजातील गुरुजनांनी या धड्याचा एक तास खताच्या गोण्या समोर ठेवून घ्यावा. सरपंच, ग्रामसेवकांनी १ जुलैच्या कृषी दिनाला हारतुरे थोडे कमी करून अकरावीची मुले बोलवावीत. मी यायला तयार आहे.

तोवर घरीच करून पाहा. काचेचे दोन ग्लास घ्या. एकात चिमूटभर कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात १२:६१:०० विरघळवा, आणि एकात दुसरे ओता. पाणी दुधाळ का झाले, हे पोरीला विचारा. ग्लास मात्र पुन्हा पिण्याला वापरू नका.