दूर उभा राहिलेला जकातदार

लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील परूशी आणि जकातदार यांचा दृष्टान्त मराठी वाचकाला परका वाटत नाही. मंदिरात परूशी आपले उपवास व दशांशदान देवाला ऐकवतो. जकातदार दूर उभा राहून, छाती बडवीत, केवळ दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो हा दुसरा. हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर महाद्वाराबाहेरचा चोखामेळा येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे साम्य फसवे आहे.

चोखोबांना दूर ठेवले गेले होते. जकातदार आपण होऊन दूर उभा राहिला. पहिले अंतर समाजाने लादलेले, दुसरे अपराधाच्या जाणिवेतून आलेले. रोमन सत्तेसाठी वसुली करणारा जकातदार समाजात तिरस्कृत होता, पण दुर्बल नव्हता. म्हणजे दृष्टान्तात मान खाली घालतो तो पीडित नव्हे. पीडा देणाऱ्या व्यवस्थेचा तो हस्तक आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गात हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्या परंपरेत वाढलेल्या विद्यार्थ्यापुढे ‘नम्र व्हा’ एवढाच बोध ठेवला, तर त्याला त्यात जुनाच हुकूम ऐकू येईल. आणि त्याचे चुकणार नाही.

मग कृपा म्हणजे अपराध्याची स्वस्तातली सुटका काय? लूकच पुढच्या अध्यायात याचे उत्तर देतो. जक्कय हा मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा तो अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे ठरवतो. परतफेड ही कृपेची किंमत नाही. ती कृपेची खूण आहे. 2006च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेत वननिवासींवरील ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केला. ही कबुली झाली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा कबुली परतफेडीकडे वळली. हे दोन्ही अध्याय एकत्र वाचावेत, ते यासाठी.

म्हणून हा दृष्टान्त शिकवताना नम्रतेची थोरवी सांगण्यापूर्वी ती कोणाकडून अपेक्षित आहे, हे विचारणे अगत्याचे आहे. हा प्रश्न टाळणारे वाचन कितीही भाविक असले, तरी ते परूशाच्याच शेजारी उभे राहते.