रेघ कूपरची, स्वप्न केकुलेचे

#थ्रेड

दहावीच्या विज्ञानातील कार्बनी संयुगांचा धडा उघडावा. कार्बनच्या चिन्हापासून हायड्रोजनच्या चिन्हापर्यंत एक आखूड रेघ दिसते. ही रेघ म्हणजे रासायनिक बंध. ती प्रथम कोणी ओढली, याविषयी वर्गात सहसा मौन असते. सांगितली जाते ती केकुलेच्या स्वप्नाची कथा : शेकोटीसमोर लागलेली डुलकी, स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप आणि त्यातून सुचलेले बेंझिनचे वलय. कथा रंजक आहे. इतिहासाचे साधन म्हणून मात्र ती कच्ची आहे आणि तिच्या झगमगाटात एक माणूस दिसेनासा झाला आहे.

चिटणीस बखर हाती आली की इतिहासाचा विद्यार्थी आधी विचारतो : हे कोणी लिहिले, घटनेनंतर किती वर्षांनी, कोणासाठी? विज्ञानाच्या इतिहासाला ही कसोटी लावताना मात्र भल्याभल्यांचा हात आखडतो. स्वप्नाची कथा स्वतः केकुलेने जाहीरपणे सांगितली ती १८९० मध्ये, बर्लिनमध्ये, बेंझिनवरील त्याच्या निबंधाला २५ वर्षे झाली म्हणून त्याच्याच गौरवार्थ भरलेल्या समारंभात. त्या भाषणात स्वप्ने दोन होती. सापाचे सर्वांना पाठ आहे. दुसरे लंडनच्या घोडागाडीच्या बसमध्ये पडलेले : अणू नाचत आहेत, एकमेकांना धरून साखळ्या करत आहेत. केकुले लंडनला होता १८५४-५५ च्या सुमारास. म्हणजे कार्बनच्या साखळीची कल्पना १८५८ च्या आधीच सुचली होती, असे या स्वप्नामुळे आपोआप ठरते. स्वप्नाला साक्षीदार नसतो, हे वेगळे सांगायला नको.

१८५८ लाच एवढे महत्त्व का? कारण त्या वर्षी पॅरिसमध्ये आडोल्फ वुर्ट्झच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या २७ वर्षांच्या आर्चिबाल्ड स्कॉट कूपर या स्कॉटिश तरुणाने एक निबंध लिहिला. कार्बन इतर अणूंना धरून ठेवतो आणि कार्बन कार्बनलाही धरतो, हे त्याने मांडले. मांडले एवढेच नव्हे, तर चिन्हांमध्ये रेघा ओढून दाखवले. निबंध फ्रेंच अकादमीपुढे ठेवायचा तर सदस्य हवा आणि वुर्ट्झ तेव्हा सदस्य नव्हता. काम रेंगाळले. १९ मे रोजी केकुलेचा निबंध जर्मनीत प्रसिद्ध झाला. कूपरचा अकादमीत सादर झाला १४ जूनला.

येथे केकुलेचे समर्थक म्हणतील की छपाईत तोच पहिला आहे. निःसंशय आहे, आणि कार्बनची चतुःसंयुजा त्याने अधिक ठामपणे मांडली हेही खरे. पण रेघेचे काय? १८६१ नंतरच्या केकुलेच्या पाठ्यपुस्तकात अणू लांबुळक्या, सॉसेजसारख्या आकृत्यांनी दाखवलेले आहेत. त्या आकृत्या आज कोणी काढत नाही. जग वापरते ती रेघ.

शिवाय त्या रेघेत काय आहे, हे १८५८ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. ‘बंध’ या अर्थाचा इंग्रजी शब्द फ्रँकलंडने रूढ केला तो १८६६ मध्ये. रेघ म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, हे गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये सांगितले. (लुईसच्या सिद्धान्ताचे श्रेयही लँगम्युअरच्या व्याख्यानांनी बरेच झाकोळले; पण ते प्रकरण स्वतंत्र थ्रेडचे आहे.) आणि ही जोडी अणूंना धरून का ठेवते, याचे उत्तर १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन यांनी पुंजयामिकीतून दिले. विरुद्ध फिरकीचे दोन इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांमधल्या जागेत अधिक सापडतात. दोन्ही धन केंद्रके त्या ऋण प्रभाराकडे ओढली जातात. एकत्र असताना एकूण ऊर्जा विलग अणूंपेक्षा कमी होते. वेगळे करायचे तर तेवढी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. बंध म्हणतात तो हाच. कूपरच्या रेघेला तिचा अर्थ मिळायला सुमारे सत्तर वर्षे लागली आणि तरीही रेघ बदलावी लागली नाही. एखाद्या चिन्हाचा याहून मोठा विजय कोणता?

चिन्हकर्त्याच्या वाट्याला मात्र काय आले? विलंबावरून कूपरने वुर्ट्झशी भांडण केले आणि प्रयोगशाळा त्याला बंद झाली. केकुलेने त्याच वर्षी अकादमीच्या वृत्तांतात आपला अग्रहक्क नोंदवला. कूपर एडिंबरोला परतला; १८५९ मध्ये त्याचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. उरलेली तीसहून अधिक वर्षे त्याने ग्लासगोजवळच्या कर्किंटिलॉक गावी काढली, सांभाळायला आई होती. रसायनशास्त्रात त्याने पुन्हा काही लिहिले नाही. १८९२ मध्ये तो वारला, बर्लिनच्या त्या समारंभानंतर अवघ्या दोन वर्षांनी.

त्याला विस्मृतीतून वर काढले ते कोणा स्कॉटिश अभिमान्याने नव्हे. केकुलेचाच सहायक आणि पुढे त्याचा चरित्रकार झालेला रिचर्ड आन्शुट्झ कूपरच्या निबंधापाशी पोहोचला, या लेखकाचे पुढे काय झाले याचा त्याने माग काढला आणि १९०९ मध्ये सारी हकीकत छापली. म्हणजे पुरावा शंभराहून अधिक वर्षे उपलब्ध आहे, तोही केकुलेच्याच घरातून आलेला. तरीही वर्गात साप सांगितला जातो आणि फळ्यावर रेघ कूपरची ओढली जाते.