ओट्याचा दगड

घराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना अमरावती-अकोल्याकडील गृहस्थ दिवाणखान्याच्या फरशीची जितकी चिकित्सा करतो, तिच्या निम्मीही स्वयंपाकाच्या ओट्याची करीत नाही. वास्तविक तापलेली कढई, पाण्याचा सततचा ओलावा, हळद, तेल आणि चिंचेचा कोळ हे सारे ज्या शिळेने वर्षानुवर्षे सोसायचे, तिची निवड घरात स्वयंपाक करणाऱ्यांच्या सल्ल्याने आणि पूर्ण खातरजमा करूनच व्हावयास हवी.

वऱ्हाडची भूमी काळ्या बेसाल्टची. आपले पाटे-वरवंटे पाथरवटांनी त्याच पाषाणातून घडवले. परंतु ओट्यास लागणाऱ्या पातळ, सलग शिळांसाठी आपण परप्रांताकडेच पाहत आलो. आंध्रातून येणारा कडप्पा स्वस्त, काळाभोर आणि दिसण्यास भारदस्त खरा, पण तो मूळचा चुनखडीचा. लिंबू, चिंच, टमाटर यांतील आम्ल चुनखडीस विरघळवते, आणि मग ओट्यावर जो निस्तेज डाग उमटतो, तो मळ नसून दगडाचीच झीज असल्याने कितीही घासला तरी निघत नाही. संगमरवराची प्रकृतीही हीच. शिवाय काठिण्याच्या मोजपट्टीवर त्यातील कॅल्साइट ३ वर, तर ग्रॅनाइटमधील फेल्डस्पार ६ वर आणि गारगोटी ७ वर असल्यामुळे, सुरीने संगमरवरावर ओरखडा पडतो, ग्रॅनाइटवर सहसा पडत नाही.

माझा कौल म्हणूनच साध्या ग्रॅनाइटला आहे. मात्र काळा रंग चढवून विकलेल्या शिळाही बाजारात असतात; तेव्हा दुकानातून एक तुकडा मागून आणावा, थिनरने भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने तो पुसून फडक्याला रंग लागतो का ते पाहावे, आणि त्यावर लिंबाची फोड व हळद कालवलेले तेल रात्रभर ठेवून सकाळी उजेडात निरखावे. शीळ उत्तम असूनही खालचा आधार कच्चा राहिला, तर सिंकसाठी कापलेल्या अरुंद भागातच तडा जातो. म्हणून तेथे आधाराची तजवीज आधीच करून घ्यावी.

सध्या कृत्रिम क्वार्ट्झच्या शिळांची चलती आहे. त्यांवर डाग कमी पडतात, हे मान्य. परंतु गारगोटीचा चुरा राळेने बांधून त्या बनतात, आणि चुलीवरून उतरवलेले तापलेले पातेले त्या राळेस सोसत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, त्या कापताना उडणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ कारागिरांच्या फुप्फुसात शिरून सिलिकोसिसचा असाध्य विकार जडवते, आणि याच कारणास्तव ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा शिळांवर बंदी घातली आहे. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण मात्र बरेच कमी. आपल्या अंगणात तोंडाला नुसता रुमाल बांधून कोरडीच शीळ कापणारा कारागीर पाहूनही आपण स्वस्थ बसावे, हे मला अक्षम्य वाटते. ठेकेदाराशी करार करतानाच, कापणी पात्यावर पाणी सोडूनच होईल आणि कारागिरास योग्य मुखपट्टी दिली जाईल, ही अट प्रत्येक घरमालकाने लेखी घालावी.