परक्यांच्या नावावर बिल फाडणे थांबवा : दक्षिण आफ्रिका सरकारला निवेदन

प्रति,
मा. महावाणिज्यदूत,
दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताक, मुंबई
(मा. राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांच्याकडे पाठवण्याच्या विनंतीसह)

विषय : दक्षिण आफ्रिकेतील परदेशी नागरिकांवरील हल्ले आणि दवाखान्यांच्या दारात होणारी त्यांची अडवणूक थांबवण्याबाबत.

महोदय,

मुंबई, ठाणे आणि रत्नागिरी येथील शिक्षक, वाचक आणि कामगार चळवळीतील कार्यकर्ते हे निवेदन सादर करीत आहेत.

२०२५ मध्ये जोहान्सबर्ग आणि डर्बनमधील सरकारी दवाखान्यांच्या फाटकांवर टोळकी उभी राहत होती. त्यांत ना डॉक्टर होते, ना पोलीस. रांगेतल्या आजाऱ्यांकडे, पोटुशा बायकांकडे ते ओळखपत्र मागत आणि दक्षिण आफ्रिकेचे ओळखपत्र नसेल त्याला माघारी धाडत. यात पुढे होती ‘ऑपरेशन दुदुला’ ही संघटना. ती २०२१ मध्ये सोवेटोत सुरू झाली आणि दोन वर्षांत राजकीय पक्ष बनली. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने तिला अशी अडवणूक करण्यास मनाई केली. कागदपत्रे तपासण्याचा अधिकार पोलीस आणि इमिग्रेशन अधिकाऱ्यांनाच आहे, खासगी माणसांना नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. देशाच्या राज्यघटनेचे २७ वे कलम आरोग्यसेवेचा हक्क ‘प्रत्येकाला’ देते. एवढे स्पष्ट असलेले कलम दवाखान्याच्या फाटकावर लागू करायला नागरी संघटनांना न्यायालयात जावे लागले, ही निवेदनकर्त्यांना सर्वांत गंभीर बाब वाटते.

हे अचानक घडलेले नाही. ११ मे २००८ रोजी जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत हल्ले सुरू झाले आणि दोन आठवड्यांत ते देशभर पसरले. ६२ माणसे मारली गेली. राष्ट्राध्यक्षांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रामाफोसा वस्तीत मोझांबिकहून आलेल्या एका मजुराला जिवंत जाळण्यात आले. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले, पण साक्षीदार आणि संशयित सापडत नसल्याचे सांगून पोलिसांनी २०१० मध्ये ते प्रकरण बंद केले.

त्या ६२ मृतांपैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात, असे जमाव विचारत असे. उत्तर आले नाही की माणूस परका ठरे. व्हेंडा, सोंगा किंवा पेडी बोलणारा स्वदेशी माणूसही त्यात सापडला. तरीही तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी ३ जुलै २००८ रोजी मृतांना श्रद्धांजली वाहताना हा परकीयद्वेष असल्याचे नाकारले आणि निव्वळ गुन्हेगारी म्हणून त्याची बोळवण केली. रोगाचे नावच घ्यायचे नाही, हे सरकारी धोरण त्यानंतरही बराच काळ चालू राहिले. २०१५ मध्ये डर्बन पेटले. सप्टेंबर २०१९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये १२ जण मेले, त्यांतले १० स्वदेशी होते; नायजेरियाला आपली माणसे विमाने पाठवून परत न्यावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये डीपस्लूटमध्ये घरोघर पासपोर्ट मागत फिरणाऱ्या जमावाने झिंबाब्वेच्या एका नागरिकाला जाळून मारले.

लोकांचा राग खोटा नाही, हे निवेदनकर्ते मान्य करतात. काम शोधणाऱ्या दर तीन जणांत जवळपास एक जण बेकार आहे. वर्षानुवर्षे वीज जात राहिली. झोंडो आयोगाने सरकारी कंपन्यांची लूट तपशीलवार मांडली आणि त्या लुटीत सहारनपूरहून तिकडे गेलेल्या गुप्ता बंधूंचे नाव ठळक आहे, याची भारतीय म्हणून निवेदनकर्त्यांना लाज वाटते. पण २०२२ च्या जनगणनेनुसार ६ कोटी २० लाखांच्या देशात परदेशात जन्मलेले लोक सुमारे २४ लाख, म्हणजे शंभरात चार आहेत. शंभरातल्या या चौघांनी वीजकेंद्रे बंद पाडली नाहीत आणि निविदाही खाल्ल्या नाहीत. राज्यकर्त्यांच्या अपयशाचे बिल त्यांच्या नावावर फाडले जात आहे.

याचे ढळढळीत उदाहरण २०२४ चे आहे. सोवेटोत कीटकनाशक पोटात गेल्याने सहा मुले दगावली आणि देशभरात बालमृत्यूंचा आकडा वीसच्या पुढे गेला. संताप उसळला तो सोमाली, इथिओपियन आणि बांगलादेशी दुकानदारांच्या ‘स्पाझा’ म्हणजे वस्तीतल्या छोट्या किराणा दुकानांवर. तपासात टर्बुफॉस हे शेतीचे विष आढळले. वस्त्यांमध्ये ते उंदीर मारण्यासाठी रस्त्यावर विकले जाते, कारण कचरा उचलला जात नाही आणि उंदीर माजतात. कचरा उचलणे हे नगरपालिकांचे काम. असा माल स्थानिकांच्या दुकानांतही तितकाच विकला जाऊ शकतो, असे राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी १५ नोव्हेंबर २०२४ च्या भाषणात सांगितले, याबद्दल निवेदनकर्ते त्यांचे आभार मानतात. पण त्याच महिन्यात त्यांच्या कार्यालयातील मंत्री खुंबुद्झो न्त्शावेनी यांनी स्टिलफॉन्टेनच्या बंद सोन्याच्या खाणीतल्या बेकायदा मजुरांना धूर करून बाहेर काढण्याची भाषा केली. ते मजूर बहुतेक मोझांबिक, झिंबाब्वे आणि लेसोथोचे होते. पोलिसांनी त्यांचे अन्नपाणी रोखले होते. न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये सुटका मोहीम झाली, तेव्हा तीन दिवसांत २४६ माणसे जिवंत वर आली आणि ७८ मृतदेह काढावे लागले.

सोने काढायला याच देशांतून माणसे आणली गेली होती. १८८६ मध्ये विटवॉटर्सरँडला सोने सापडले आणि पुढची शंभर वर्षे मोझांबिक, लेसोथो, मलावी येथून करारावर मजूर आणले गेले. वर्णभेदाच्या काळात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे मुख्यालय झांबियातल्या लुसाकात होते. तिच्या कार्यकर्त्यांना आसरा दिला म्हणून मोझांबिकमधील मातोला, लेसोथोमधील मासेरू आणि बोत्स्वानामधील गाबोरोन या शहरांनी दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराचे हल्ले सोसले. त्याच देशांतील माणसाला आज जोहान्सबर्गमध्ये ‘निघून जा’ असे सांगितले जाते. ‘त्यांनी निघून जावे’ अशी घोषणा देत वाढलेल्या पॅट्रिऑटिक अलायन्सचे नेते गेटन मॅकेन्झी २०२४ पासून देशाचे क्रीडा, कला आणि संस्कृती मंत्री आहेत.

या विचाराचा पोकळपणा एका जाहिरातीने एका मिनिटात दाखवला होता. २०१२ मध्ये ‘नॅन्डोज’ या खाद्यगृह कंपनीने ती केली. ‘देशाचे वाटोळे परक्यांनी केले’ असे निवेदक सांगत जातो आणि एकेक समूह धुराच्या लोटात नाहीसा होतो : नायजेरियन, सोमाली, पाकिस्तानी, मग युरोपीय, आफ्रिकानर, शेवटी झुलूसुद्धा. उरतो एकटा खोइसान माणूस, जो सगळ्यांच्या आधीपासून तिथे आहे आणि कुठेही जायला तयार नाही. लोक चिडतील या भीतीने सरकारी वाहिनी एसएबीसीने ती दाखवायला नकार दिला आणि इतर मोठ्या वाहिन्यांनीही तेच केले. हिंसेला आवर घालू शकणारे हसू दडपले गेले.

मुंबईकरांनी यात का पडावे, असा प्रश्न येईल. १३ जानेवारी १८९७ रोजी डर्बनच्या बंदरात उतरलेल्या मोहनदास गांधींवर गोऱ्या जमावाने हल्ला केला. ‘हिंदी लोक नाताळ वसाहत गिळतील’ ही तेव्हाची ओरड होती आणि दोन बोटींमधील प्रवासी तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदराबाहेर अडवून ठेवले होते. रत्नागिरीच्या मातीतले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये कलकत्त्याच्या विधान परिषदेत नाताळला जाणारी करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तीन पौंडांच्या जाचक करावर प्रिटोरियात तिथले राज्यकर्ते बोथा आणि स्मट्स यांच्याशी बोलले. कोकणातून गेलेल्या मुसलमान कुटुंबांचे वंशज आजही केपटाउनमध्ये नांदत आहेत.

निवेदनकर्ते आपल्या अंगणाकडेही डोळेझाक करीत नाहीत. अलेक्झांड्रा पेटली त्याच २००८ साली मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीचालकांना आणि रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली. त्याचाही निषेध निवेदनकर्ते याच शब्दांत करतात.

मागण्या :

१. ४ नोव्हेंबर २०२५ च्या न्यायालयीन आदेशाची अंमलबजावणी व्हावी. अडवणुकीची तक्रार असलेल्या दवाखान्यांवर पोलीस नेमावेत आणि रुग्णांना परत पाठवणाऱ्या कर्मचाऱ्यांवर कारवाई व्हावी.

२. २००८, २०१५, २०१९ आणि २०२२ मधील हत्यांच्या तपासाची सद्यस्थिती संसदेत मांडावी आणि बंद केलेली प्रकरणे पुन्हा उघडावीत.

३. वंशवाद आणि परकीयद्वेषाविरुद्ध मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यासाठी स्वतंत्र निधी द्यावा. मे २०२४ मध्ये सही झालेल्या द्वेषगुन्हेविरोधी कायद्याचा पूर्ण अंमल व्हावा.

४. झिंबाब्वेच्या सुमारे १ लाख ७८ हजार नागरिकांच्या विशेष परवान्यांची मुदत २८ मे २०२७ पर्यंत आहे. त्याआधी त्यांना कायम वास्तव्याचा मार्ग खुला करावा.

५. स्टिलफॉन्टेन येथील मृत्यूंची न्यायिक चौकशी व्हावी आणि मृतांच्या कुटुंबांना भरपाई मिळावी.

६. मंत्र्यांसाठी आचारसंहिता असावी. राष्ट्रीयत्वावरून एखाद्या समूहाला दोषी ठरवणाऱ्याला मंत्रिपद सोडावे लागावे.

७. एसएबीसीने २०१२ ची जाहिरात आणि या विषयावरील विनोदी कार्यक्रम देशाच्या सर्व अधिकृत भाषांतून दाखवावेत.

८. वस्त्यांतील कचरा उचलण्याचे वेळापत्रक जाहीर करावे आणि सर्व स्पाझा दुकानांना मालकाचे राष्ट्रीयत्व न पाहता एकच नियम लावावा.

या मागण्यांवर शासनाची भूमिका लेखी कळवावी आणि निवेदनकर्त्यांच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
निवेदनकर्ते

प्रत माहितीसाठी : दक्षिण आफ्रिका मानवी हक्क आयोग, जोहान्सबर्ग